ऐरोलीच्या फ्लेमिंगो सहलीची तारीख ठरवण्याआधी

थंडी सरत आली की आमच्याकडे ऐरोलीच्या सहलीसाठी एकाच चौकशीचे फोन सुरू होतात. "पुढच्या रविवारी बारा जण आहोत, सकाळी आठला नाशिकहून निघू, चालेल ना?" कधी चालतं. कधी पहाटे तीनलाच गाडी काढावी लागते. आणि कधी आम्हीच सांगतो की हा रविवार सोडा, पुढचा धरा. मग लोकांना वाटतं, यांच्याकडे गाडी नसेल!

गाडी असते, खाडीत हवं तेवढं पाणी नसतं. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर, २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे पक्षी बघायचे ते ऐरोलीहून सुटणाऱ्या बोटीतून. फ्लेमिंगोंचं, म्हणजे रोहित पक्ष्यांचं, खाणं चिखलात, आणि चिखल उघडा पडतो ओहोटीला. पण पूर्ण ओहोटीत बोट गाळात रुतते. उलट भरती पूर्ण चढली की चिखल पाण्याखाली जातो आणि थवे उठून नेरूळकडच्या तळ्यांवर जाऊन बसतात. मधली जी वेळ उरते तीच कामाची, आणि भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकत असल्याने तीही सरकते. नाशिकजवळच्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात जाऊन आलेल्यांना हे पटकन पटत नाही, कारण तिथे उजाडताना पोचलं की झालं.

लोक चुकतात ते इथेच. आधी रजा टाकतात, पाहुण्यांना बोलावतात, मुलांचे क्लास बुडवायचं ठरवतात आणि मग आम्हाला तारीख सांगतात. ती जुळली नाही की पुन्हा सगळ्यांना विचारणं, पुन्हा फोन, आणि तोवर बोटीतल्या जागा संपलेल्या. सुट्टीच्या दिवशीच्या जागा फार लवकर जातात.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर भिंतीवरचं पंचांग पुरतं. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहा. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या आसपास पूर्ण भरती. अशा दिवशी दुपारची बोट मिळाली तर घरून नाश्ता करून निघता येतं. आजी-आजोबा सोबत असतील तर आम्ही हाच दिवस सुचवतो. चतुर्थीला भरती तीनच्या सुमाराला, म्हणजे बोट भर उन्हात. फोटो काढणारे त्या दिवशी हमखास नाराज होतात. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आगेमागे आणि तीही उधाणाची. हिशोब ढोबळ आहे, खाडीत आतपर्यंत पाणी पोचायला आणखी थोडा वेळ लागतो. नक्की वेळ आम्ही भरतीचं कोष्टक आणि बोटीचं वेळापत्रक पाहूनच देतो.

आता निघण्याच्या वेळेचं. "समृद्धी महामार्ग झाला की आता, मग एवढ्या लवकर कशाला?" इगतपुरी ते आमणे गाडी सरसर जाते हे खरं. घोडं अडतं ते पुढे, भिवंडी आणि ठाण्यात. म्हणून आम्ही तासभर हातचा राखतो आणि नाशिकच्या मुंबई नाक्यावर पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबत नाही. एका कुटुंबासाठी बाकीच्यांची बोट चुकवणं आम्हाला जमत नाही, राग आला तरी.

आणखी एक नेहमीचा प्रश्न: फ्लेमिंगो नांदूरलाही येतात, मग ऐरोली कशाला? येतात, पण थोडे. खाडीत हजारोंचे थवे असतात, मोठा आणि छोटा दोन्ही जातींचे. शिवाय उचाट्या, मालगुजा, कुरव हे पाणपक्षी वेगळेच. छोट्या रोहिताची चोच गडद लाल, मोठ्याची गुलाबी आणि टोकाला काळी. हा फरक आमचा माणूस बोटीतच दाखवतो. दुर्बिणी आम्ही देतो, चारजणांत एक. बोट आणखी जवळ न्या, पक्षी उडवा, असा आग्रह मात्र नावाड्याला करू नका. खाणं अर्धवट टाकून उडालेला थवा पुन्हा तिथे बसेलच असं नाही, आणि मागच्या बोटीतले लोकही पैसे भरूनच आलेले असतात.

बोटीत स्वच्छतागृह नाही, ते आधी उरका.

फोन करताना एकाच तारखेऐवजी सोयीचे तीन-चार दिवस सांगा, शक्य असेल तर मधल्या वारांतले. एकही जुळला नाही तर त्याच आठवड्यात नांदूर मध्यमेश्वरची अर्ध्या दिवसाची सहल करून देतो. भरलेली आगाऊ रक्कम तिकडे वळवता येते.