ऑडिओ फोकस (अँड्रॉइड)

एकाच वेळी अनेक अ‍ॅप आवाज करू लागली, तर कोणाचा आवाज पुढे राहावा हे ठरवणारी अँड्रॉइडमधील व्यवस्था. २०१० साली आलेल्या अँड्रॉइड २.२ पासून ती आहे. आवाज सुरू करण्याआधी अ‍ॅपने ऑडिओ मॅनेजरकडे, म्हणजे आवाज सांभाळणाऱ्या प्रणालीच्या भागाकडे, फोकस (आवाज पुढे ठेवण्याचा हक्क) मागायचा आणि काम झाले की सोडायचा.

मागतानाच तो कशासाठी हवा हे सांगावे लागते. गाणी वाजवणारे अ‍ॅप ‘गेन’ मागते. त्याला मुदत नसते. ‘दोनशे मीटरवर डावीकडे वळा’ एवढेच सांगणाऱ्या नकाशाला ‘ट्रान्झियंट मे डक’ पुरते, म्हणजे इतरांनी थांबायची गरज नाही, आवाज खाली घेतला तरी भागते.

फोकस गेल्याचे लिसनरला, म्हणजे अ‍ॅपमधील अशा सूचना ऐकणाऱ्या कोडला, कळते. कायमचा गेला, तर प्लेबॅक थांबवून वापरकर्ता पुन्हा प्ले दाबेपर्यंत गप्प राहावे. तात्पुरता गेला, तर पॉज करावे आणि ‘गेन’ परत आल्यावर पुढे चालू करावे. चुका सर्वाधिक होतात त्या इथे. प्लेबॅक फोकस गेल्यामुळे थांबला की माणसाने थांबवला, याची नोंद वेगळ्या बुलियन (फक्त ट्रू किंवा फॉल्स धरणाऱ्या) व्हेरिएबलमध्ये ठेवलीच पाहिजे. ती नसेल, तर ऐकणाऱ्याने स्वतः पॉज केलेले भजन कॉल संपताच भर बैठकीत सुरू होते, आणि असे अ‍ॅप लोक काढून टाकतात.

अँड्रॉइड ८.० पासून आवाज खाली घेण्याचे काम प्रणाली स्वतःच करते. गाण्याला ते चालते. पॉडकास्टमध्ये मात्र दोन बोलणी एकमेकांत मिसळतात आणि एकही नीट कळत नाही. म्हणून बोलका मजकूर ऐकवणाऱ्या अ‍ॅपने फोकस मागतानाची ‘सेट विल पॉज व्हेन डक्ड’ ही सेटिंग ट्रू ठेवून अशा वेळी थांबावे. फोनवर बोलणे चालू असताना मागितलेला फोकस उशिरा मिळण्याची सोयही याच आवृत्तीत आली.

पूर्वी हे सारे अ‍ॅपच्या सौजन्यावर अवलंबून होते. अँड्रॉइड १२ पासून एका मीडिया अ‍ॅपने ‘गेन’ घेतला की आधीच्याचा आवाज प्रणालीच हळूहळू मिटवते. अँड्रॉइड १५ साठी लिहिलेल्या अ‍ॅपला तर समोर उघडे असताना किंवा त्याची फोरग्राउंड सर्व्हिस (वापरकर्त्याला सूचनेत दिसत राहणारे पार्श्वभूमीचे काम) चालू असतानाच फोकस मिळतो.

मीडिया३ या अँड्रॉइडच्या मीडिया लायब्ररीतील एक्सोप्लेअर हा तयार प्लेअर, त्याला ऑडिओ अ‍ॅट्रिब्यूट्स (आवाज कोणत्या प्रकारचा आहे ही माहिती) देताना सोबत फोकस सांभाळण्यासाठी ट्रू दिला की, यातले बरेचसे स्वतः सांभाळतो. साध्या प्लेअरसाठी वेगळा कोड लिहू नये. हेडफोन निघाल्यावर थांबणे मात्र फोकसमध्ये येत नाही. त्यासाठी ‘बिकमिंग नॉइझी’ हा ब्रॉडकास्ट (प्रणालीने सर्व अ‍ॅपना दिलेली सूचना) ऐकावा लागतो.