दिसतं मराठी, ऐकू येतं भलतंच

महापालिकेचं किंवा मंत्रालयाचं एखादं परिपत्रक आपण डोळ्यांनी वाचतो, तेव्हा आपल्याला अक्षरांचे आकार दिसतात. ज्यांना दिसत नाही त्यांच्या फोनमधला किंवा संगणकातला स्क्रीन रीडर आकार बघत नाही. प्रत्येक अक्षरामागे साठवलेला सांकेतिक क्रमांक तो वाचतो आणि त्यावरून आवाज काढतो. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना असे क्रमांक देणारी सर्वमान्य पद्धत. तिच्या मुख्य देवनागरी तक्त्यात अशा 128 जागा आहेत. तिथे ‘क’चा क्रमांक ठरलेला, फॉन्ट बदलला तरी तो बदलत नाही.

गोची होते ती जुन्या फॉन्टांत. युनिकोड रुळण्याआधी संगणकावर मराठी उमटवायला एक युक्ती सर्रास वापरली जायची : इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी चित्रं बसवायची. कृतिदेव हा त्यातला घरोघरी पोचलेला फॉन्ट. त्यात ‘मराठी’ टाइप केलं की पडद्यावर अगदी नीट ‘मराठी’ दिसतं, पण फाइलीत साठतं ते ई, जे, के, बी, एच. स्क्रीन रीडर इमानेइतबारे तेच वाचतो. पाणीपट्टीच्या सवलतीचं दोन पानी परिपत्रक असं ऐकायला लागलं, तर डोळस माणूससुद्धा अर्ध्या मिनिटात कान झाकून घेईल.

हा इतिहास पुण्याला परका नाही. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर श्रीलिपी इथलंच, सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेचं मुख्यालयही इथलंच. या मंडळींनी त्या काळात खटपट केली नसती, तर मराठी डीटीपी, म्हणजे संगणकावरची छपाईची जुळणी, उभं राहायला आणखी किती वर्षं गेली असती कोण जाणे. त्यामुळे दोष त्यांना देण्यात अर्थ नाही. पण युनिकोड सगळ्या संगणकांत फुकट आल्यालाही आता जमाना लोटला. तरी काही टेबलांवर जुनाच फॉन्ट चालतो, कारण बोटं त्याला सरावलीत आणि छापून आलेला कागद चांगला दिसतो. कागद चांगला दिसला की काम झालं, ही समजूतच सगळ्याच्या मुळाशी आहे.

त्याहून वाईट म्हणजे प्रिंट काढायची, सही-शिक्का मारायचा आणि कागद स्कॅन करून पीडीएफ चढवायची. तो मजकुराचा फोटो झाला. फोटोतली अक्षरं ओळखणारी सॉफ्टवेअर आहेत, पण तिरक्या शिक्क्याखाली दबलेल्या आकड्यावर त्यांचा भरवसा धरवत नाही, आणि नेमका तो आकडा मुदतीच्या तारखेचा असतो. युनिकोडमधून केलेली पीडीएफही दर वेळी निर्धोक नसते. ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी दिसते आधी, पण साठवली जाते ‘क’च्या नंतर. पीडीएफ मुळात दिसण्याचा क्रम जपते. मूळ अक्षरांचा तक्ता सोबत नीट जोडला नाही, तर शब्द वाचताना वेलांट्या इकडेतिकडे विखुरतात. तोच मजकूर साध्या वेबपानावरही टाकला, तर यातलं बहुतेक रामायण टळतं.

ज्येष्ठांची अडचण वेगळी. वयानुसार बाहुली लहान होते, डोळ्यातलं भिंग पिवळसर पडतं. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर पोचणारा प्रकाश विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक-तृतीयांश उरतो. फिकट करड्या अक्षरांची पांढरी पानं पंचविशीतल्या डिझायनरला देखणी वाटतात, आजोबांना कोरी. वेबसाठीच्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय निकषांत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान 4.5:1 मागितलंय. (पांढऱ्यावर काळं म्हणजे 21:1.) तो आकडा उगाच आलेला नाही. चांगल्या नजरेला 3:1 पुरतं. ऐंशीच्या आसपास नजर साधारण 6/12 होते, म्हणजे चांगल्या नजरेला बारा मीटरवरून दिसतं ते सहा मीटरवरून दिसतं; त्याची भरपाई म्हणून ते दीडपट केलं.

सरकारी संकेतस्थळांच्या माथ्यावर अक्षर लहान-मोठं करायची तीन बटणं असतात. माझ्या मते ती बरीचशी दारावरचं तोरण आहेत. आत पायऱ्या तशाच. अक्षर मोठं केलं की ओळीची उंची मात्र जागची हलत नाही, मग वर रफार कापला जातो, खाली उकार. ‘कर्ज’चं ‘कज’ होतं. इंग्रजीत चाचणी करून ‘सगळं ठीक’ म्हणणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

नोव्हेंबरात पेन्शनरांची हयातीच्या दाखल्याची धावपळ सुरू होते. 2014 मध्ये ‘जीवन प्रमाण’ आलं, दाखला घरून देता येऊ लागला. पण बोटांचे झिजलेले ठसे यंत्राला उमटेनात. 2021 पासून चेहरा दाखवूनही काम होऊ लागलं, ही मोठीच सोय. तरी चेहऱ्याच्या पडताळणीत डोळे मिचकवा म्हटलं की सगळ्यांना ते जमतंच असं नाही. बँकांच्या ई-केवायसीत, म्हणजे ऑनलाइन ओळख-पडताळणीत, हीच अट ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्यांना आणि अंधांना आडवी आली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 30 एप्रिल 2025 च्या निकालात न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क घटनेच्या कलम 21 मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कातच, धरला. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा. सरकारी संकेतस्थळांचे नियम पहिल्यांदा 2009 मध्ये आले. कागदावर काहीच कमी नाही.

कमी आहे ती चाचणी. निविदेत ‘दिव्यांगस्नेही’ असं लिहिलेलं असतं, पण शेवटचं बिल निघण्याआधी एखाद्या अंध वापरकर्त्याने अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत भरून पाहिला का, हे कोण विचारतं? एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक असतोच. तेही नको असेल तर माउस बाजूला ठेवून नुसती टॅबची कळ दाबत अर्ज भरून पाहावा. आपण कुठल्या रकान्यात आहोत हे दाखवणारी चौकट कुठे हरवते ते लगेच कळतं.

राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे, तक्रार तिथे करता येते. ‘साइट चालत नाही’ एवढंच लिहू नये. पानाचा पत्ता, कोणतं काम करत होतो, कुठल्या रकान्यापाशी अडलो, स्क्रीन रीडर कोणता आणि त्याने नेमकं काय उच्चारलं, हे सगळं लिहावं. दुरुस्ती करणाऱ्याला तेवढं पुरतं, आणि टाळणाऱ्याला पळवाट उरत नाही.