बकेट एकच, पत्ते दोन: एस३चा रेस्ट एंडपॉइंट आणि वेबसाइट एंडपॉइंट

ॲमेझॉनच्या एस३ या स्टोरेज सेवेतल्या बकेटमध्ये (फाइल ठेवायच्या डब्यात) साइट टाकली, डीएनएसमध्ये सीनेम (एका नावावरून दुसऱ्या पत्त्याकडे पाठवणारी नोंद) लावला आणि डोमेन उघडल्यावर होमपेजऐवजी ॲक्सेस डिनाइडवालं एक्सएमएल दिसलं, तर लगेच परमिशन बदलत बसू नका, आधी सीनेम कुठे जातोय ते बघा. बकेटला दोन पत्ते म्हणजे एंडपॉइंट असतात. रेस्ट एंडपॉइंट बकेट बनवल्यापासूनच असतो, वेबसाइट एंडपॉइंट मात्र बकेटच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन स्टॅटिक वेबसाइट होस्टिंग चालू केल्यावरच चालतो. दिसायला दोन्ही जवळपास सारखेच, दुसऱ्यात एस३च्या पुढे 'वेबसाइट' एवढंच जास्त, त्यामुळे पटकन लक्षात येत नाही. त्यात मुंबई रीजनमध्ये (रीजन म्हणजे ॲमेझॉनची डेटा सेंटर असलेला भाग) 'वेबसाइट'च्या पुढे डॉट येतो आणि नॉर्थ व्हर्जिनियासारख्या जुन्या रीजनमध्ये डॅश, म्हणून ट्युटोरियलमधून नको, सरळ ॲमेझॉनच्या कन्सोलमधूनच पत्ता कॉपी करा.

रेस्टवाला प्रोग्रामसाठी आहे. गेट, पुट, डिलीट (फाइल आणणं, टाकणं, काढणं) सगळं घेतो, फाइलचं पूर्ण नाव दिलं की फाइल देतो, पण नुसतं डोमेन उघडलं तर त्याला वाटतं तुम्ही बकेटची यादी मागताय, आणि ती परवानगी नसते म्हणून ते एक्सएमएल. इंडेक्स पेज वगैरे त्याला कळतच नाही. वेबसाइटवाला २०११ मध्ये आला, तो फक्त वाचायच्या रिक्वेस्ट घेतो पण प्रत्येक फोल्डरचं इंडेक्स पेज, तुमचं स्वतःचं एरर पेज, रीडायरेक्ट हे सगळं सांभाळतो.

थेट सीनेम लावणार असाल तर दोन्ही एंडपॉइंटसाठी बकेटचं नाव आणि डोमेन तंतोतंत सारखं लागतं, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू सकट. कारण सीनेम फक्त ब्राउझरला एस३च्या दारापर्यंत नेतो, पुढे एस३ होस्ट हेडरमधलं (ब्राउझर रिक्वेस्टसोबत पाठवतो ते) डोमेन वाचून त्याच नावाची बकेट शोधतं. नाही सापडली तर 'नो सच बकेट' येतं आणि त्याच पानावर बकेट नेम म्हणून तुमचं डोमेन लिहिलेलं असतं, ती ओळ नीट वाचली तर चूक तिथेच सापडते. ते नाव दुसऱ्या कुणी आधीच घेतलं असेल तर हा मार्ग बंद. आणि रूट डोमेनला (डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नसलेल्या) सीनेम लावताच येत नाही, तिथे रूट ५३चा (ॲमेझॉनची डीएनएस सेवा) एलियस वापरायचा, तोही वेबसाइट एंडपॉइंटलाच जातो.

एचटीटीपीएस हवं असेल (आणि आता हवंच) तर थेट मार्गाने दोन्ही निरुपयोगी. वेबसाइटवाला फक्त एचटीटीपी बोलतो, रेस्टवाल्याचं सर्टिफिकेट ॲमेझॉनच्या नावाचं, म्हणून तुमच्या डोमेनवर ब्राउझर वॉर्निंग देतो. मध्ये क्लाउडफ्रंट (ॲमेझॉनचं सीडीएन, साइटच्या पुढे उभं राहून फाइल वाटणारी सेवा) लावा, मग बकेटचं नाव काहीही चालतं, फक्त सर्टिफिकेट नॉर्थ व्हर्जिनियात बनवा, बकेट मुंबईत असली तरी. ओरिजिन (क्लाउडफ्रंट जिथून फाइल घेतं तो पत्ता) म्हणून मी रेस्टवालाच सांगेन, कारण बकेट प्रायव्हेट राहते आणि ओएसी म्हणजे ओरिजिन ॲक्सेस कंट्रोलने फक्त तुमच्या क्लाउडफ्रंटलाच आत सोडता येतं. एक अडचण आहे, क्लाउडफ्रंटचं डिफॉल्ट रूट ऑब्जेक्ट (नुसतं डोमेन उघडल्यावर द्यायची फाइल) फक्त होमपेजला लागू होतो, आतल्या फोल्डरच्या लिंक फुटतात, त्यासाठी पत्त्याला इंडेक्स फाइलचं नाव जोडणारं छोटं क्लाउडफ्रंट फंक्शन लिहावं लागतं. ते जमणारच नसेल तर वेबसाइटवाला घ्या, पण मग साधारणपणे बकेट पब्लिक ठेवावी लागते.

थेट सीनेमवाली साइट बंद करताना आधी सीनेम काढा, मग बकेट. उलट केलंत तर त्याच नावाची बकेट दुसरं कुणीतरी बनवू शकतं आणि तुमच्या डोमेनवर त्याचं पान दिसायला लागतं.