काडीला पाने आली, मुळ्या कुठे आहेत?

घरी छाट कलम (फांदीची काडी कापून, लावून नवे रोप) करणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"काडी छान फुटली होती, चार पाने आली, मग कुंडीत लावली आणि दोन दिवसांत मान टाकली." आमच्याकडे काड्या, रुटिंग पावडर (मुळ्या फुटाव्यात म्हणून टोकाला लावायची) किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) नेलेले ग्राहक परत येतात ते बहुतेक हेच सांगायला. पाठोपाठ विचारतात, पावडर जुनी होती का? कोकोपीट खारट होते का? पावडर जुनी असू शकते, तिच्याबद्दल पुढे लिहिले आहेच. पण काडी आधी फुटून मग वाळली असेल, तर पावडरकडे बोट दाखवण्याआधी हा पहिला भाग वाचा.

काडीच्या प्रत्येक पेरावर डोळा (न उघडलेला अंकुर) आधीपासून तयार असतो. त्याला फक्त उघडायचे असते आणि त्यासाठी लागणारे अन्न व पाणी काडीच्या पोटात साठलेले असते. मुळ्यांचे तसे नाही. बहुतेक झाडांच्या काडीत मूळ तयार नसते. कापलेल्या जागी पेशींना ते नव्याने घडवावे लागते. म्हणून पालवी दहा-पंधरा दिवसांत दिसते आणि मुळ्या त्यानंतर कितीतरी दिवसांनी येतात. मधल्या काळात काडी साठ्यावर जगत असते. पाने जितकी जास्त, तितके पाणी जास्त उडते आणि भरून काढायला खाली काहीच नसते. या अवस्थेत ओल टिकावी म्हणून घातलेली वरची पिशवी काढली, उन्हात ठेवली, कुंडी बदलली किंवा खत घातले, की साठा संपतो आणि काडी मान टाकते. बोगनवेल आणि गुलाब यांत सर्वात जास्त फसवतात.

साधारण वेळ लक्षात ठेवा. उबदार, दमट हवेत कोलियसला ७ ते १० दिवसांत मुळ्या येतात, जास्वंदीला ३ ते ५ आठवडे, गुलाब आणि मोगऱ्याला ४ ते ६ आठवडे, बोगनवेलीला ६ आठवड्यांपासून पुढे कितीही. थंडीत यात भर पडते. पालवी याच्या आत आली, तर आनंद माना आणि हात खिशात ठेवा.

उपटून बघू नका

पाने बघून घाई करणे ही पहिली सवय, दुसरी तिचीच बहीण. आठव्या दिवशी काडी हळूच वर ओढून "आली का बघू" म्हणायचे, पुन्हा खोचायची, चार दिवसांनी पुन्हा ओढायची. पहिल्या मुळ्या एक-दोन मिलिमीटरच्या आणि ठिसूळ असतात. ओढताना त्या तुटतात, परत खोचताना काडीभोवती पोकळी राहते आणि तिथे हवेने टोक सुकते. प्रत्येक वेळी काडीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

बघायचेच असेल तर दोन पेल्यांची पद्धत वापरा. आतला पेला पारदर्शक, तळाला चार-पाच भोके पाडलेला, बाहेरचा अपारदर्शक. मुळ्या अंधाराकडे वाढतात, म्हणून बाहेरचा पेला हवा. आठवड्यातून एकदा आतला पेला उचलून कडेने बघा, काडीला हात लावायची गरज नाही. आमच्या काडीसंचात हे दोन पेले याच कारणासाठी असतात. घरी रिकामे पेले असतील तर तेही चालतील, संच घ्यायलाच हवा असे नाही.

काडीच्या टोकाला पांढरट, फुगीर गाठ दिसली तर ती मूळ नव्हे. ती जखम भरल्याची खूण आहे. गाठ आली म्हणजे काडी जिवंत आहे, एवढेच. टोक काळे, मऊ आणि वास येणारे असेल तर ती काडी गेली. ती लगेच काढा, नाहीतर शेजारच्या काड्याही कुजतील.

काडी कुठली घ्यायची

जास्वंद, मोगरा, तगर यांसाठी यंदाची, थोडी पिकलेली फांदी घ्या. वाकवल्यावर नुसती लवत असेल तर कोवळी आहे, कटकन मोडत असेल तर जून. लवून मग मोडते ती बरोबर. लांबी १० ते १५ सेंटीमीटर. गुलाब आणि बोगनवेलीची काडी पेन्सिलीइतकी जाड, १५ ते २० सेंटीमीटर. आदल्या संध्याकाळी झाडाला पाणी द्या आणि काडी सकाळी कापा. भरपूर नत्र खाऊन लवलवलेल्या फांद्या दिसायला छान असतात, पण लवकर कुजतात.

सिकेटर (छाटणीची कात्री) स्पिरिटने पुसा. खालचा छेद पेराच्या लगेच खाली, आडवा. वरचा छेद डोळ्याच्या साधारण एक सेंटीमीटर वर, तिरका. आम्ही विकत असलेल्या काड्या अशाच कापलेल्या असतात, म्हणजे उलट-सुलट ओळखता येते. उलटी खोचलेली काडी सहसा मुळ्या धरत नाही. पाने गेलेल्या गुलाबाच्या काडीत ही चूक सहज होते.

खालची पाने काढा, वर दोन ठेवा. ती मोठी असतील तर अर्धी कापा. कळ्या असतील तर त्याही काढा. फूल सगळा साठा खाऊन टाकते.

गुलाबाबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. बाजारातला गुलाब बहुधा डोळा भरलेला असतो: खाली एका जातीचा खुंट, वर हवी ती जात. जोडाच्या खालून आलेल्या जोमदार फुटव्याची काडी लावली तर ती झपाट्याने मुळ्या धरते, पण पुढे फूल खुंटाचे येते. "तुमच्या गुलाबाचा रंग बदलला" अशी तक्रार आली की आम्ही आधी हेच विचारतो. काडी नेहमी जोडाच्या वरून घ्या.

माध्यम, पाणी, झाकण

माध्यम म्हणजे काडी ज्यात लावायची ते: कोकोपीट आणि परलाइट (हलके पांढरे खडे) निम्मे-निम्मे. खत नाही, शेणखत नाही, बागेतली माती नाही. मुळ्या नसताना खत घ्यायला कोणी नसते आणि मातीतल्या बुरशीला मात्र ओली जखम मिळते. खारटपणा जावा म्हणून कोकोपीट आधी दोन-तीन वेळा साध्या पाण्याने धुवा. ओल किती हवी? मूठभर घेऊन घट्ट दाबा. एक-दोन थेंब गळले तर बरोबर, धार लागली तर जास्त. आमच्याकडे दाखवायला आणलेल्या बहुतेक मेलेल्या काड्या सुकून नव्हे, बुडून मेलेल्या असतात. पाणी साचले की माध्यमातली हवा जाते आणि हवेशिवाय मूळ घडत नाही.

पेन्सिलीने आधी भोक पाडा, मग काडी ठेवा. थेट खोचली तर टोकाची पावडर वरच पुसून जाते. दोन पेरे आत गेली पाहिजेत. बाजूने बोटांनी दाबा.

वरून पारदर्शक पिशवी घाला, पानांना टेकणार नाही अशी. हवेतच ओल असली की पाने कमी पाणी गमावतात. पिशवी लावून उन्हात ठेवू नका, आत भट्टी होते. उजेड भरपूर, ऊन नाही. वर्तमानपत्र आरामात वाचता येईल अशी जागा. माध्यमाचे तापमान २१ ते २५ अंश राहिले तर उत्तम. थंड फरशीवर पेला ठेवण्यापेक्षा खाली लाकडी फळी ठेवा. दोन-तीन दिवसांनी पाच मिनिटे पिशवी उघडून हवा बदला, पडलेली पाने उचला. पिशवीच्या आत बाष्प दिसत असेल तोवर पाणी घालायची गरज नाही.

चीक येणारा चाफा मात्र याला अपवाद. त्याची काडी कापून सावलीत आठवडाभर सुकवा, मग जवळजवळ कोरड्या माध्यमात लावा, पिशवीही नको. कण्हेरीचा चीक विषारी असतो, हातमोजे घाला.

पावडर

आमची पावडर आयबीएची (इंडोल ब्युटिरिक ॲसिड, मुळ्या फुटवणारे संप्रेरक) आहे. कोवळ्या काडीला ०.१ टक्का, अर्धपक्व काडीला ०.३, जून काडीला ०.८. ग्राहक बहुतेक वेळा सर्वात जोरदार मागतात आणि आम्ही ०.३ हातात ठेवतो. घरगुती कामाला ती पुरते. जास्त मात्रेने टोक भाजते, डोळेही फुटायचे थांबतात. टोक किंचित ओले करा, एक सेंटीमीटर पावडरीत बुडवा, जास्तीची झटका. पाकिटात काडी बुडवू नका, थोडी पावडर वेगळी काढा आणि उरलेली टाकून द्या. ओल आणि बुरशी पाकिटात गेली की सगळी वाया. उष्णतेने आणि उजेडाने तिचा जोर कमी होतो. म्हणून आम्ही छोटी पाकिटे करतो आणि तारीख टाकतो. मोठा डबा स्वस्त पडतो, पण अर्धा डबा निकामी झाल्यावर वापरला जातो.

मध, दालचिनी, कोरफड याबद्दल विचारणा होते. दालचिनी बुरशीला थोडा आळा घालते. मूळ फुटवायचे काम यांपैकी कशावरही सोपवू नका. उलट जास्वंद आणि कोलियस काहीही न लावताही मुळ्या धरतात. त्यांच्यासाठी पावडर घेऊ नका, असे आम्हीच सांगतो.

कुंडीत कधी

पेल्याच्या कडेला दोन-तीन सेंटीमीटरच्या, पांढऱ्या, एकाहून जास्त मुळ्या दिसल्या की. एकच मूळ दिसले तर आणखी आठवडा थांबा. पण आधी पिशवी हळूहळू, सवय लावत काढायची: पहिल्या दिवशी तासभर उघडी, मग दोन तास, असे करत आठ-दहा दिवसांत पूर्ण. भर दुपारी पिशवीशिवाय पाने ताठ राहिली तर रोप तयार आहे.

कुंडी १० सेंटीमीटरची, मोठी नको. छोट्या मुळ्यांभोवती खूप ओली माती राहिली तर पुन्हा कुजण्याचाच धोका. खत तीन आठवड्यांनी, पाकिटावरच्या मात्रेच्या पाव भाग. ऊन आधी सकाळचे.

पाण्याच्या बाटलीत मुळ्या आणलेल्या काड्या वेगळ्या वागतात. त्या मुळ्यांना मातीची सवय नसते आणि त्या फार ठिसूळ असतात. तीन सेंटीमीटरच्या आतच माध्यमात लावा आणि आठवडाभर पिशवीखाली ठेवा.

तयार रोप महाग का

पिशवी काढल्यावर आम्ही रोप आणखी दोन आठवडे ठेवतो, उघड्या हवेत नवी पाने धरेपर्यंत. जे गळायचे ते आमच्याकडेच गळते. तो खर्च रोपावर येतो. पानांवर भुलून घ्यायचे नसेल, तर कोणतेही रोप घेताना कुंडीच्या तळाच्या भोकातून मूळ दिसते का ते बघा. आमच्याकडेही बघा, आम्ही हरकत घेत नाही.

मुळ्या नसलेली काडी मेली तर आम्ही बदलून देत नाही, कारण ती कुठे आणि कशी ठेवली होती हे आमच्या हातात नसते. मात्र मेलेली काडी पेल्यासकट घेऊन या. टोक काळे आहे, सुकलेले आहे की गाठ धरलेले, एवढे बघितले की काय बिघडले ते बहुधा कळते. यासाठी पैसे घेत नाही. येताना तीन गोष्टी लिहून आणा: काडी लावल्याची तारीख, पिशवी काढल्याची तारीख आणि मध्ये किती वेळा उपटून बघितली.