बार्न्सचा जॅझ पब आणि दोन वादकांचा नियम

लंडनच्या नैर्ऋत्येला, बार्न्समध्ये थेम्सच्या काठावर ‘बुल्स हेड’ हा पब आहे. १९५९ पासून तिथे जॅझ वाजतो आहे. लंडनमधल्याच वँड्सवर्थच्या एका जुन्या ब्रुअरीच्या, म्हणजे बिअरच्या कारखान्याच्या, पबांपैकी हा एक. साठच्या दशकात मोठ्या ब्रुअऱ्यांनी गाळून पाश्चराइझ केलेली, धातूच्या बंद पिंपातली ‘केग’ बिअर पबांच्या गळ्यात मारली. या ब्रुअरीने मात्र पिंपातच मुरणारी एल, ही पारंपरिक बिअर, सोडली नाही. १९७१ मध्ये अशा एलसाठी, म्हणजेच ‘रिअल एल’साठी, ग्राहकांची चळवळ उभी राहिली, तेव्हा अशा ब्रुअऱ्या मोजक्याच उरल्या होत्या.

ही एल पबच्या तळघरात, पिंपातच पुन्हा आंबते. त्यात यीस्ट जिवंत असते, थंडावा ११ ते १३ अंशांचा राखावा लागतो आणि पिंपाला तोटी लावली की तीनेक दिवसांत ते संपवावे लागते. म्हणजे आठवड्याच्या मधल्या दिवशीही गिऱ्हाईक हवेच, आणि ते आणायला संगीतासारखा दुसरा उपाय नाही. एल आणि गाणे-बजावणे एकाच छताखाली टिकले ते यामुळे.

आता परवान्याचे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६१ च्या कायद्याने पबांना एक सूट दिली होती. दोनपर्यंत वादक असतील तर संगीताचा वेगळा परवाना नको. तिसरा वादक बसला की परवाना हवा. नियम विचित्रच, पण एक गिटार आणि एक व्हायोलिन यांवर शेकडो छोट्या पबांच्या संध्याकाळी निभावत होत्या. २००३ च्या कायद्याने ही सूट काढून घेतली. अंमल २००५ च्या नोव्हेंबरात सुरू झाला. दारू आणि संगीत यांचा एकच परवाना, त्यामुळे सगळे सोपे होईल, असे सरकारचे म्हणणे. प्रत्यक्षात एकट्या गायकालाही अर्जात नोंद लागू लागली. नोंदीशिवाय कार्यक्रम केला तर २० हजार पौंडांपर्यंत दंड किंवा सहा महिने कैद. त्याच पबात मोठ्या पडद्यावर फुटबॉलचा सामना लावायला मात्र असा परवाना लागत नव्हता. आवाजाचाच प्रश्न होता, तर हा भेद कशासाठी? याचे पटेल असे उत्तर कधीच मिळाले नाही. झळ बसली ती छोट्या पबांना.

ही चूक सुधारायला सात वर्षे लागली. २०१२ च्या ऑक्टोबरपासून दारूचा परवाना असलेल्या जागी, सकाळी आठ ते रात्री अकरा, २०० श्रोत्यांपर्यंत ध्वनिवर्धकावरचे संगीतही मोकळे झाले. २०१५ मध्ये ही मर्यादा ५०० वर गेली. मधल्या काळात, २००६ मध्ये, वँड्सवर्थची ब्रुअरी बंद पडली आणि तिची एल बेडफर्डला बनू लागली.

पुढचे भांडण शेजाऱ्यांचे. पबला खेटून नवी घरे उठतात आणि मग आवाजाच्या तक्रारी येतात. २०१८ मध्ये इंग्लंडच्या नियोजन धोरणात स्पष्ट लिहिले गेले, की पब आधीपासून तिथे असेल तर आवाज अडवायची सोय नव्या इमारतीच्या बिल्डरने करायची.