रॅम्प झाला, आता सोयीचं बोला: सुगम्यता आणि वाजवी सोय

गृहनिर्माण मंडळाच्या कार्यालयात 'दिव्यांग कर्मचाऱ्यांना वाजवी सोय काय दिली?' असं विचारलं, की उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. 'रॅम्प आहे, लिफ्ट आहे, तळमजल्यावर वेगळं शौचालयही आहे.' म्हणजे प्रश्न एका गोष्टीचा आणि उत्तर दुसऱ्याच गोष्टीचं. विचारली ती वाजवी सोय, म्हणजे एका कर्मचाऱ्याला त्याचं काम करता यावं म्हणून केलेला बदल; सांगितली ती सुगम्यता, म्हणजे इमारत आणि कागद सगळ्यांना वापरता येणं. दोन्ही एकाच कायद्यात आहेत, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये, आणि तो लागू झाला १९ एप्रिल २०१७ पासून. पण दोघींची कलमं वेगळी, कसोटी वेगळी आणि नकाराची मुभाही वेगळी.

आधी एक छोटी गोष्ट निकालात काढू. 'वाजवी सोय'चा मूळ इंग्रजी शब्द 'रीझनेबल अकोमोडेशन' आहे म्हणून हा क्वार्टरचा विषय समजून कागद मिळकत व्यवस्थापकाकडे ढकलू नका. तसंच याच कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे घरांच्या वाटपात लक्षणीय (४० टक्के किंवा जास्त) दिव्यांगत्व असलेल्यांना ५ टक्के राखीव जागा आहेत, त्या सोडतीतल्या अर्जदारांसाठी. आपल्याच टेबलावर बसणाऱ्या कर्मचाऱ्याचा त्या ५ टक्क्यांशी काही संबंध नाही.

सुगम्यता अभियंत्यांना शिकवायची गरज नाही. रॅम्पचा उतार १:१२, म्हणजे जोतं ४५० मिमी असेल तर ५.४ मीटर लांबी लागणार. दाराची निव्वळ रुंदी ९०० मिमी, व्हीलचेअर वळवायला १५०० मिमीचं वर्तुळ, कमोडची उंची ४५० ते ४८० मिमी. हे नकाशात बरोबर असतं. जागेवर मात्र जागा पुरली नाही म्हणून उतार १:७ होतो, रॅम्पच्या तोंडाशी मोटरसायकली लागतात आणि त्या वेगळ्या शौचालयात झाडू, बादल्या आणि जुन्या फायलींची बोचकी जाऊन बसतात. कुलूप लावलेलं शौचालय अहवालात 'उपलब्ध' म्हणून मोजणाऱ्यांनी निदान एकदा किल्ली कोणाकडे आहे ते विचारावं.

सुगम्यतेचा एक भाग अभियंत्यांच्या नजरेतूनही सुटतो, तो कागदांचा. सही करून स्कॅन केलेलं परिपत्रक वाचक-सॉफ्टवेअरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, नुसता फोटो दिसतो. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली टिप्पणी पडद्यावर मराठी दिसते, पण आत अक्षरं रोमन असतात. सॉफ्टवेअर ती वाचू लागलं की ऐकणाऱ्याच्या कानावर निव्वळ गोंधळ येतो. युनिकोडमध्ये टंका आणि सहीच्या प्रतीसोबत मूळ फाइलही पाठवा. खर्च शून्य आहे.

इथपर्यंत सगळं एका व्यक्तीसाठी नाही, गटासाठी आहे. कोणी येण्याआधीच करून ठेवायचं आहे आणि त्यासाठी कोणी अर्ज करावा लागत नाही. 'आमच्याकडे व्हीलचेअरवालं कोणीच नाही' हे सुगम्यतेच्या बाबतीत उत्तरच होत नाही. रॅम्प नाही म्हणून तर कोणी आलं नसेल. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात हा फरक स्पष्ट केला आणि सुगम्यतेची मानकं निव्वळ शिफारशीसारखी ठेवणारा केंद्राच्या नियमांतला नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला.

आता खरी अडचण. वाजवी सोय ही एका माणसाची, एका कामाची आणि एका अडथळ्याची गोष्ट आहे. कायद्याच्या व्याख्येत 'विशिष्ट प्रकरणात' हे शब्द आहेत आणि सगळं त्यांच्यावरच उभं आहे. इमारत शंभर टक्के सुगम्य असली तरी वाजवी सोयीचा प्रश्न शिल्लक राहतोच. उलट, कर्मचाऱ्याला एखादी सोय दिली म्हणून इमारतीचं कर्तव्य फिटत नाही. व्हीलचेअरवरच्या लिपिकाला चार शिपायांनी उचलून पहिल्या मजल्यावर नेणं यात सुगम्यताही नाही आणि सोयही नाही. त्याला फार तर हमाली म्हणता येईल.

ऐकू न येणारा कनिष्ठ अभियंता घ्या. बांधकामाच्या जागेवर काँक्रीट पंप सुरू असताना कंत्राटदाराला तोंडी सूचना दिल्या जातात, बदल फोनवर कळवले जातात. याच्यासाठी रॅम्पचा काय उपयोग? त्याला हवं ते असं: प्रत्येक सूचना साइटच्या आदेशवहीत किंवा लेखी संदेशात, आढावा बैठकीची विषयपत्रिका आदल्या दिवशी आणि मोठ्या बैठकीला सांकेतिक भाषेचा दुभाषी. दुभाष्याचं मानधन कोणत्या लेखाशीर्षातून द्यायचं ते आधीच ठरवलेलं असावं, नाहीतर बैठक होऊन जाते आणि फाइल लेखा शाखेत फिरत राहते.

किंवा कमी दिसणारी लिपिक. वाटपाच्या जुन्या हस्तलिखित नोंदवह्या तिला वाचता येत नाहीत. शेजारच्या शाखेतल्या पूर्ण अंध सहकाऱ्याला एनव्हीडीए हे मोफत वाचक-सॉफ्टवेअर दिलं, म्हणून हिलाही तेच बसवलं, तर हस्तलिखित पान तिथेच राहतं. तिला नोंदवहीचं चांगलं स्कॅन, मोठा मॉनिटर आणि टेबलावर हलवता येणारा दिवा लागतो. दोघांचंही दिव्यांगत्व दृष्टीचंच, सोय वेगळी. म्हणूनच 'दृष्टिदोष असल्यास अमुक, अस्थिव्यंग असल्यास तमुक' असा तक्ता करून भिंतीवर लावणं आम्हाला अजिबात पटत नाही. तक्ता आला की संभाषण संपतं आणि वाजवी सोय संभाषणातूनच सापडते. सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या ११ फेब्रुवारी २०२१ च्या निकालात हेच सांगितलं: सोय व्यक्तीगणिक ठरते, आणि त्यासाठी त्या व्यक्तीशी बोलावं लागतं.

त्याच निकालातला दुसरा मुद्दा तर आस्थापना शाखेने चौकटीत लावावा. अर्जासोबत ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र नाही म्हणून अर्ज परत करायचा, ही सवय चुकीची आहे. ४० टक्के ही अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. वाजवी सोय मागणाऱ्याला ती लागू नाही. विकास कुमार यांना लिहिताना हाताची अडचण होती आणि लक्षणीय दिव्यांगत्व नसतानाही परीक्षेत लेखनिक मिळण्याचा त्यांचा हक्क मान्य झाला. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, आता २१ आहेत आणि त्यांत मानसिक आजारही येतो. सोडतीच्या दिवसांत खिडकीवर आठ तास गर्दी सांभाळणं ज्याला औषधांमुळे जमत नाही, त्याला दोन तासांनी पाळी बदलून देणं ही सोय झाली. ती कोणत्याही रॅम्पसारखी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून 'नाटक' ठरते.

सगळ्यात जास्त खटकतं ते आवक-जावक. दिव्यांग कर्मचारी आला की त्याला टपालाच्या टेबलावर बसवायचं आणि याला सोय म्हणायचं. सोय म्हणजे नेमणुकीचं काम करता यावं म्हणून पद्धत, वेळ, साधन किंवा जागा बदलणं. कामच काढून घेतलं तर गोपनीय अहवालात लिहायला काही उरत नाही आणि पदोन्नतीच्या वेळी 'अनुभव नाही' हा शेरा तयार असतो. चाळीच्या चार मजल्यांवर भाडेवसुलीला फिरणाऱ्याचा पाय अपघातात गेला, तर फेऱ्या सहकाऱ्याकडे देऊन खातेवही जुळवणं, थकबाकीच्या नोटिसा आणि कार्यालयातला भरणा त्याच्याकडे द्यावा. काम वसुलीचंच राहतं. हेही खरोखर जमत नसेल तर कलम २०(४) आहे: नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्याला काढता येत नाही, पद खाली आणता येत नाही, त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यायचं आणि ते नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येपेक्षा जास्तीचं, पद निर्माण करायचं.

नकार देता येतो का? येतो, आणि सुगम्यतेशी तुलना करताना हा फरक विसरू नये. मागितलेल्या गोष्टीने अवाजवी किंवा प्रमाणाबाहेर भार पडत असेल तर ती नाकारता येते. पण तो भार मंडळाच्या एकूण ऐपतीवर मोजा, शाखेच्या किरकोळ खर्चाच्या पेटीवर नको. आणि 'एकाला दिलं की सगळे मागतील' हा भारच नाही. सगळ्यांचा अडथळा सारखा नसतो, त्यामुळे सगळे तेच मागणार नाहीत. नाकारायचंच असेल तर काय मागितलं, किती खर्च येत होता, कोणते पर्याय पाहिले हे लेखी द्या. कारण कलम २(एच) नुसार वाजवी सोय नाकारणं हा भेदभावच मानला आहे. कायद्याच्या उल्लंघनाला पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत आणि पुढे ५०,००० ते ५ लाखांपर्यंत दंड आहे.

पद्धत साधी ठेवावी. अर्ज एका पानाचा, त्यात आजाराचा इतिहास न मागता 'कोणतं काम, कुठे अडतं, काय केलं तर जमेल' एवढे तीन प्रश्न. आठवडाभरात कर्मचारी, त्याचे वरिष्ठ आणि आस्थापना यांची बैठक. सोय पंधरा दिवस वापरून बघायची, मग आदेश. आदेशात खरेदी कोण करणार आणि कधीपर्यंत ते नावाने नव्हे, पदनामाने लिहावं. वाद झाला तर कलम २३ प्रमाणे प्रत्येक शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असायला हवा. त्याने तक्रार नोंदल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी करायची असते, आणि समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समितीकडे जाता येतं. बऱ्याच ठिकाणी समान संधी धोरण चौकटीत लावलेलं असतं, पण या अधिकाऱ्याचं नाव विचारलं की एकमेकांकडे बघतात.

आणि बदली. मुंबई मंडळातून नागपूरला गेलेल्या माणसाचा मॉनिटर, सॉफ्टवेअर आणि दुभाष्याची व्यवस्था जुन्या कार्यालयाच्या जडवस्तू (सामानाच्या) नोंदवहीत अडकून राहते, आणि तो तिकडे पुन्हा पहिल्या अर्जापासून सुरुवात करतो. रॅम्प इमारतीचा असतो, तो तिथेच राहणार. सोय माणसाची असते. म्हणून सोयीच्या आदेशाची प्रत सेवापुस्तकात लावावी आणि बदलीच्या आदेशात 'सदर कर्मचाऱ्यास मंजूर वाजवी सोय नवीन कार्यालयात रुजू होण्याच्या दिनांकापासून उपलब्ध करून द्यावी' ही ओळ घालावी.