सामुराई सेवक (सेंगोकू काळ)

जपानमधील यादवीच्या काळात, म्हणजे ओनिन युद्धापासून (१४६७–७७) सेकिगाहाराच्या लढाईपर्यंत (१६००), एखाद्या दाइम्योच्या पदरी राहून लढणारा योद्धा. दाइम्यो म्हणजे प्रांताधिपती. त्याच्या पदरच्या माणसाला काशिन म्हणत. धन्यासाठी डोळे झाकून प्राण देणारा सामुराई ही आज सर्वपरिचित असलेली प्रतिमा बहुतांशी नंतरच्या, शांततेच्या एदो काळात घडली. यादवीतली चाकरी हा रोकठोक व्यवहार होता. धन्याने जमीन आणि संरक्षण द्यायचे, सेवकाने हत्यार आणि माणसे घेऊन हजर व्हायचे. धनी दुबळा ठरला, तर सेवक दुसरे दार शोधी, आणि त्याबद्दल त्याला फारसे कोणी नावे ठेवीत नसे.

दाइम्योचे सगळे सेवक एका तोलाचे नव्हते. सर्वांत जवळचे भाऊबंद, त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या घराण्याशी बांधलेले फुदाई आणि मग लढाईत हरल्यावर किंवा वारे ओळखून सामील झालेले स्थानिक सरदार. या सरदारांची स्वतःची गढी आणि स्वतःचे सेवक असत, त्यामुळे त्यांच्यावर धन्याची एक नजर कायम असे. सर्वांत खाली जिझामुराई, म्हणजे गावातच राहून शेती करणारे लढवय्ये. त्यांना सहसा एखाद्या मोठ्या सेवकाच्या हाताखाली जोडून देत.

जमिनीचे मोल पूर्व जपानात बहुधा ‘कान’ या नाण्यांच्या मापात मांडले जाई आणि त्यावरून कोणी किती भालाईत, किती स्वार, किती निशाणे आणायची हे ठरे. ओदावाराच्या होजो घराण्याने १५५९ मध्ये केलेल्या नोंदवहीत सुमारे ५६० सेवकांची नावे, जमिनी आणि त्यांचे मोल आहे. हत्यार, घोडा, चिलखत हा खर्च सेवकाचाच. या अर्थाने तो बारगिरापेक्षा शिलेदाराच्या जवळचा. स्वार म्हणून तो एकटा कधीच निघत नसे. भाला वाहणारा, मोतद्दार आणि सामान उचलणारे गडी त्याच्याबरोबर चालत, आणि त्यांचे पोटही त्यालाच भरावे लागे.

अशा सेवकाचे दिवस कसे जात, हे मात्सुदाइरा इएतादाच्या रोजनिशीतून चांगले कळते. मिकावा प्रांतातल्या फुकोझूचा हा छोटा गढीवाला तोकुगावा इएयासू या दाइम्योच्या पदरी होता. १५७७ ते १५९४ पर्यंतच्या त्याच्या नोंदी टिकल्या आहेत. तलवारबाजीच्या अपेक्षेने ही रोजनिशी उघडणाऱ्याची निराशा होईल. पाऊस पडला, भूकंप झाला, कोणाकडे जेवण झाले, रेंगा काव्याची (अनेकांनी मिळून, कडव्याला कडवे जोडत रचायच्या काव्याची) बैठक बसली, असेच बरेचसे लिहिलेले. कडेला मधूनमधून चित्रे. कामाच्या नोंदी पाहाव्यात तर पुन्हा पुन्हा एकच गोष्ट येते : किल्ल्याची डागडुजी. तट बांधणे, खंदक खणणे यात इएतादा तरबेज होता आणि इएयासू त्याला त्याच कामाला जुंपत असे. युद्धकाळातल्या सेवकाच्या हातात तलवारीइतकेच फावडे असे, हे या नोंदींमुळे पटते. १५९० मध्ये इएयासूला कान्तो प्रदेशात हलवले गेले, तेव्हा इएतादालाही बापजाद्यांचे गाव सोडून ओशीला जावे लागले. १६०० मध्ये फुशिमी किल्ला लढवताना तो मारला गेला.

घरातली स्थिती ओआन नावाच्या स्त्रीने म्हातारपणी सांगितलेल्या आठवणींतून दिसते. तिचे वडील इशिदा मित्सुनारीच्या पदरी होते. उत्पन्न ३०० कोकू. एक कोकू म्हणजे ढोबळमानाने एका माणसाला वर्षभर पुरणारा तांदूळ. म्हणजे घर अगदीच गरीब नव्हे. तरीही सकाळ-संध्याकाळ पातळ भातपेज, दुपारचे जेवण नाहीच. भाऊ बंदूक घेऊन शिकारीला निघाला, की त्याच्या शिदोरीसाठी पाला घालून भात शिजे आणि तो आपल्यालाही मिळेल म्हणून ती त्याला शिकारीची गळ घाली. तेराव्या वर्षी शिवलेला एकच उन्हाळी अंगरखा तिने सतराव्या वर्षापर्यंत वापरला. तोवर पायाच्या नळ्या उघड्या पडू लागल्या होत्या.

मोहिमेवर निघताना सुका भात आणि मिसो (सोयाबीन आंबवून केलेले खारट वाटण) बरोबर असे. अळूचे देठ मिसोत शिजवून, वाळवून त्यांचा दोर वळत. वाटेत तो सामान बांधायला कामी येई आणि मुक्कामी त्याचाच तुकडा गरम पाण्यात टाकला, की कढण तयार.

लढाईत सेवकाचे सगळे लक्ष आपला पराक्रम कोणाच्या तरी नजरेस पडण्याकडे असे. पाठीवरचे निशाण त्यासाठीच. शत्रूवर पहिला भाला कोणी चालवला आणि शिर कोणी घेतले, हे वेगवेगळे नोंदले जाई. ओकेहाझामाच्या लढाईत (१५६०) दाइम्यो ओदा नोबुनागाने दाइम्यो इमागावा योशिमोतोवर हल्ला केला; योशिमोतोला पहिला भाला हात्तोरी कोहेइताने मारला, शिर मात्र मोरी शिनसुकेने नेले. शिरे धुऊन, केस विंचरून, नावाची चिठ्ठी बांधून धन्यापुढे मांडत. धुण्या-सजवण्याचे हे काम अनेकदा बायकांकडे असे. ओगाकी किल्ल्यात ते केल्याचे ओआन सांगते. काळे दात ही वरच्या दर्जाची खूण होती; म्हणून आणलेल्या शिरांचे दात काळे करून द्या, अशी गळ पुरुष घालीत. बक्षिशीसाठी एवढी लबाडी चालायचीच.

बक्षिशीत जमीन, तलवार किंवा रोख मिळे, पण सेवकाला मोलाचे वाटे ते धन्याच्या सहीचे प्रशस्तिपत्र. नव्या ठिकाणी चाकरी मागताना ते दाखवता येई. पराक्रम करूनही धनी बधेलच असे नाही. नोबुनागाचा सेवक माएदा तोशिइए धन्याच्याच मर्जीतल्या एकाला ठार केल्यामुळे १५५९ मध्ये हाकलला गेला. ओकेहाझामाला तो न बोलावता लढला, शिरे आणली, तरी क्षमा नाही. ती पुढच्या वर्षी, आणखी एका लढाईनंतर मिळाली.

धन्याचा धाक घरापर्यंत पोचलेला असे. इमागावांच्या १५२६ च्या कायद्यात, भांडणात हत्यार उपसल्यास बाजू कोणाचीही असो, दोघांनाही शिक्षा होती. प्रांताबाहेर सोयरीक करायलाही बंदी होती. बड्या सेवकांची मुले ओलीस राहत. १५७८ मध्ये आझुचीला, म्हणजे नोबुनागाच्या नव्या किल्ल्याच्या गावी, त्याच्या एका तिरंदाजाच्या घराला आग लागली, तेव्हा बायकामुले मूळ गावी ठेवून आल्यामुळे ही निष्काळजी झाली असा निष्कर्ष निघाला. चौकशीत असे १२० जण सापडले. नोबुनागाने मुलाला हुकूम देऊन त्यातल्या तिरंदाजांची ओवारी या मूळ प्रांतातली घरे जाळली. परत जायला घरच उरले नाही, तेव्हा बायकामुले आझुचीत आली.

निष्ठा तुटायची कारणे अनेक. १५६३ मध्ये मिकावात इक्को या बौद्ध पंथाच्या अनुयायांचे बंड झाले, तेव्हा इएयासूचे कितीतरी सेवक धर्माच्या बाजूने धन्यावरच उठले. त्यांतला होंदा मासानोबू देश सोडून गेला, पुढे परतला आणि इएयासूचा सर्वांत विश्वासू सल्लागार झाला. उलट, तीस वर्षे चाकरी केलेल्या साकुमा नोबुमोरीला नोबुनागाने १५८० मध्ये १९ कलमी ठपका देऊन हाकलले. ओसाकाच्या मठाचा वेढा रेंगाळवला आणि वाढीव जमीन मिळूनही नवी माणसे ठेवली नाहीत, असे त्यावर आरोप होते. दोनच वर्षांनी आकेची मित्सुहिदे या दुसऱ्या बड्या सेवकाने नोबुनागाचाच घात केला. तोदो ताकातोराने तर आझाई घराण्यापासून तोकुगावांपर्यंत अनेक धनी बदलले आणि अखेर त्सूचा दाइम्यो म्हणून मानाने मेला.

हे मोकळे रान नोबुनागानंतर सत्तेवर आलेल्या तोयोतोमी हिदेयोशीने आवळले. जमिनीची मोजणी, १५८८ ची शस्त्रजप्ती आणि १५९१ चा हुकूम यांमुळे योद्धा आणि शेतकरी वेगळे झाले. योद्ध्याने शेतकरी वा शहरवासी व्हायचे नाही, शेतकऱ्याने शेत सोडायचे नाही. जिझामुराईला दोहोंपैकी एक निवडणे भाग पडले.

तोसा प्रांतात हा बदल रक्त सांडून झाला. तिथल्या चोसोकाबे घराण्याचे ‘इचिर्यो गुसोकू’ सेवक एकच चिलखत बाळगीत. बांधावर भाला रोवून, त्याला शिदोरी आणि गवती चपला बांधून शेत कसत आणि हाक येताच तसेच निघत. सेकिगाहारानंतर चोसोकाबेंचा प्रांत यामाउची काझुतोयोला मिळाला, तेव्हा या सेवकांनी उरादो किल्ला सोडायला नकार दिला. निदान अर्धा प्रांत जुन्या धन्याला ठेवा, ही त्यांची मागणी. बंड मोडले आणि २७३ जणांची शिरे ओसाकाला पाठवली गेली. त्यांच्यासारख्या जुन्या घराण्यांतल्या काहींना यामाउचींनी पुढे गोशी, म्हणजे गावात राहणारे कनिष्ठ योद्धे, म्हणून सामावून घेतले. वरच्या जागा मात्र नव्या धन्याबरोबर आलेल्यांकडेच राहिल्या.